मधली जागा सोडणारा नट

पाहणाऱ्याची नजर आपल्यावर खिळावी म्हणून नट आयुष्यभर झटतो. ती नजर मिळाल्यावर आपण बाजूला व्हावे आणि ती इतरांकडे वळवावी, असे फ्रान्सच्या नट-दिग्दर्शक जाक तातीला वाटले. त्यापायी त्याने मोजलेली किंमत दिवसाच्या सुरुवातीला आठवावी अशी आहे.

ताती १९०७ मध्ये पॅरिसजवळच्या ल पेक गावी जन्मला. घरचा धंदा चित्रांना चौकटी बसवण्याचा, पण त्याचे मन रग्बीत रमलेले. खेळणाऱ्यांच्या लकबी उचलून तो अशा नकला करी, की सोबती हसून बेजार होत. या नकलांनीच त्याला रंगमंचावर नेले. कधी गोलरक्षक, कधी टेनिसपटू, कधी एकाच देहात घोडा आणि घोडेस्वार दोन्ही. बोलणे जवळजवळ नाहीच. माणसे कशी चालतात, वळतात, थबकतात हे त्याने आधी नीट पाहिले आणि मग करून दाखवले. त्याची कला मुळात पाहण्याची होती.

१९४९ च्या ‘जूर द फेत’मध्ये तो सायकलवरचा पोस्टमन झाला. चित्रण सँत-सेव्हेर या खऱ्याखुऱ्या खेड्यात झाले आणि गावकरीही त्यात वावरले. १९५३ मध्ये त्याने साकारलेला मस्यू हुलो पडद्यावर आला. आखूड पँट, तोंडात पाइप, पुढे झुकून चालण्याची ढब आणि कुणालाही न दुखावणारा स्वभाव. १९५८ च्या ‘मोनोंक्ल’मध्ये हा हुलो एका लहान मुलाचा मामा आहे. बहिणीचे घर यंत्रांनी सजलेले. अंगणातले माशाचे कारंजे तोलामोलाचे पाहुणे आले की सुरू होते. मामा मात्र जुन्या वस्तीत राहतो. तिथे तो आपल्या खिडकीची काच अशी तिरकी करतो, की उन्हाची तिरीप समोरच्या पक्ष्यावर पडते आणि पक्षी गाऊ लागतो. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. हुलो जगभर ओळखीचा झाला.

यानंतर हुलोला पुढे करून एकामागून एक चित्रपट काढणे सोपे होते. पण तातीने पॅरिसच्या कडेला काच आणि पोलादाची एक नगरीच उभारली. लोक तिला ‘तातीव्हिल’ म्हणू लागले. तिथे वर्षानुवर्षे खपून ७० मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर त्याने ‘प्लेटाइम’ घडवला. डिसेंबर १९६७ मध्ये तो प्रदर्शित झाला. त्यात हुलो आहे, पण गर्दीतला एक म्हणून. लांबून हुलोसारखी दिसणारी इतर माणसेही येतात-जातात आणि आपली फसगत होते. चेहरा जवळून दाखवून ‘इकडे बघा’ असे सांगणारे दृश्य नाही. भव्य चौकटीत एकाच वेळी चार-पाच ठिकाणी काहीतरी घडत असते. कुठे बघायचे ते आपण ठरवायचे.

या चित्रपटातली उपाहारगृहाच्या उद्घाटनाची रात्र घ्या. दाराची काच फुटून जाते, तरी दारवान हातात नुसती दाराची मूठ धरून येणाऱ्याजाणाऱ्यांसाठी अदबीने दार उघडत राहतो. खुर्च्यांच्या पाठीवरची नक्षी पाहुण्यांच्या कपड्यांवर उमटते. छताचा काही भाग खाली येतो, तसतशी अवघडून बसलेली माणसे मोकळी होत जातात आणि एकमेकांशी बोलू लागतात. या रात्रीतला विनोद एकट्या हुलोच्या वाट्याचा नाही. वाढपी, दारवान, पाहुणे, वादक सगळ्यांच्या हातून तो घडतो. पुढे एका तरुणीसाठी घेतलेली भेटसुद्धा हुलोला स्वतः देता येत नाही. दुसराच एक तरुण ती तिच्यापर्यंत पोचवतो. नायकाचा हा शेवटचा हक्कही तातीने त्याच्याकडून काढून घेतला, कारण हसू ही एकट्या विनोदवीराची मालमत्ता नाही, ते कुणाच्याही चालण्याबोलण्यात सापडते, अशी तातीची श्रद्धा होती.

प्रेक्षकांना त्यांचा हुलो हवा होता. चित्रपट चालला नाही. त्याची काटछाट झाली, तरी उपयोग झाला नाही. ताती कर्जात बुडाला, राहते घर गेले, आधीच्या चित्रपटांचे हक्कही हातून गेले. १९७१ मध्ये ‘त्राफिक’ आणि १९७४ मध्ये सर्कशीवरचा ‘पराद’ एवढेच त्याला पुढे करता आले. १९८२ मध्ये तो गेला, तेव्हा त्याच्या नावावर पूर्ण लांबीचे अवघे सहा चित्रपट होते. आज जाणकार त्याची सर्वांत मोठी कृती म्हणून बहुधा ‘प्लेटाइम’चेच नाव घेतात.

पण हा मान पुढे मिळाला म्हणून तातीचा निर्णय योग्य ठरला, असे मला म्हणायचे नाही. तो मिळाला नसता तरी निर्णय योग्यच होता. ज्याला मधली जागा मिळालेली आहे, त्यानेच ती सोडण्याला अर्थ असतो. घरात, कचेरीत, सभेत अशी जागा कधी ना कधी आपल्यालाही मिळते. आपल्या बोलण्याला लोक हसू लागतात, आपल्या शब्दाला वजन येते. त्या क्षणी आणखी थोडे बोलावेसे वाटते. नेमके तेव्हाच थांबून शेजारच्या अबोल माणसाकडे सगळ्यांचे लक्ष वळवणे हे अभिनयाइतकेच अवघड आहे. ते सरावाने येते.

हा सराव आजच सुरू करता येईल. बसथांब्यावर किंवा रांगेत उभे असताना मोबाइल थोडा वेळ खिशात ठेवा आणि माणसे कशी उभी राहतात, कशी वाट पाहतात ते बघा. हसू आले तर ते कुणाला कमी लेखणारे नसू द्या. ‘प्लेटाइम’ पाहण्याचा योग आला, तर तो शक्य तेवढ्या मोठ्या पडद्यावर पाहा आणि त्यात एकट्या हुलोला शोधत बसू नका.