तोल कुणी सांभाळायचा?

जुन्नर-आंबेगावात बिबट्याने माणसावर झडप घातली, की चार दिवसांत एक वाक्य हमखास कानी येते : निसर्गाचा समतोल बिघडला. या वाक्यात बिघडवणारा कुणीच नसतो, म्हणून ते मला टोचते. येडगाव, माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, डिंभे ही कुकडी प्रकल्पाची धरणे माणसांनी बांधली. कालव्याचे पाणी आले तसा ऊस वाढला, आणि बारा-चौदा महिने उभ्या राहणाऱ्या त्या गर्द पिकात बिबट्याची मादी पिल्ले घालू लागली. खायला कुत्री, शेळ्या, डुकरे होतीच. उसातच जन्मलेल्या जनावराला जंगलातून भरकटलेला पाहुणा कसे म्हणायचे?

‘मग पकडा आणि लांब सोडून या,’ असे म्हणणारे चूक नाहीत, पण हा उपाय करून झाला आहे. वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार जुन्नर भागात १९९३ ते २००१ या काळात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. बिबटे पकडून दुसरीकडे सोडायला लागल्यावर, २००१ ते २००३ मध्ये, हल्ले वर्षाला १७ वर गेले. शिवाय एक उचलला की मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे : माणसाचा जीव मोठा की जनावराचा? माणसाचाच, यात शंका नको. म्हणूनच तो कोणत्या माणसाचा जातो, हे पाहायला हवे. शेतीपंपाची वीज अनेकदा रात्री येते म्हणून बॅटरी घेऊन दारे धरायला निघालेला शेतकरी, सरीत वाकला की बिबट्याला तो लहान जनावरासारखा दिसतो. ऊसतोड मजुरांची पोरे पाचटाच्या कोपीत निजतात, मेंढपाळाचे बिऱ्हाड उघड्यावर असते. उसाचा पैसा आणि वन्यजीवांचे कौतुक ज्यांच्या वाट्याला येते, त्यांच्या दाराशी हा धोका क्वचितच येतो. याला समतोल म्हणणे मला मान्य नाही. ऊस सोडा असे कुणी म्हणत नाही, तो इथला संसार आहे. पण त्याच्या हिशेबात हा खर्चही धरायलाच हवा. शासनाने शेतीला दिवसा वीज द्यावी, आणि येत्या गळीत हंगामाआधी कारखान्यांनी ऊसतोड मजुरांच्या प्रत्येक तळावर उजेड, संडास आणि दार लावता येईल असा निवारा उभा करावा.