ग्रहांचें मोठेपण

मोठेपण हें गुणाचें फळ आहे, असें आपण सर्वजण लहानपणापासून ऐकत व मानीत आलों आहों. जो वाढला त्याच्या अंगीं कांहीं विशेष होतें, जो खुंटला त्याच्यांत कांहीं उणें होतें, हा न्याय आपण मुलांस लावतों, शेजाऱ्यांस लावतों. आणि कोणी हरकत घेतलीच तर सृष्टीचा दाखला पुढें करतों कीं, आकाशांतील ग्रह तरी कोठें सारखे आहेत? हा दाखला कितपत टिकतो, हें येथें पाहण्याचें आम्ही योजिलें आहे.

ग्रहांमधील विषमता खरी आहे. गुरु आपल्या नागपुरी संत्र्याएवढा मानला, तर शनि म्हणजे त्याहून किंचित् लहान असें दुसरें संत्रें. युरेनस व नेपच्यून हीं दोन बोरें. आपली पृथ्वी तुरीचा दाणा. आणि बुध तर मोहरीहून फारसा मोठा नव्हे. वस्तुमानानें पाहिलें तर एकटा गुरु ३१८ पृथ्वींच्या तोडीचा असून, बाकीचे सारे ग्रह एकत्र केले तरी त्यांच्या दुपटीहून तो अधिकच भरतो. नागपुरास गांधीसागराजवळ १९९२ सालीं सुरू झालेलें रमण विज्ञान केंद्र आहे. तेथील तारामंडळ पाहून येणाऱ्या मुलानें घरीं विचारावें कीं, एकाच सूर्याच्या कुटुंबांत एवढा भेद कां, तर वडील माणसांनीं काय सांगावें?

ज्योतिर्विद सांगतात तें असें. सुमारें ४५६ कोटी वर्षांपूर्वीं नवजात सूर्याभोंवतीं वायु व धूळ यांची एक विशाल चकती फिरत होती, आणि सारे ग्रह त्या एकाच चकतींतून घडले. परंतु सूर्याजवळ उष्णता इतकी कीं, तेथें पाण्याचें बर्फ होणें शक्य नव्हतें. खडक व धातु एवढेच काय ते घन राहत, आणि त्यांचा सांठा मुळांतच थोडा. म्हणून बुध, शुक्र, पृथ्वी व मंगळ लहान राहिले. मंगळापलीकडे जेथें बर्फ टिकूं लागलें, तेथें बांधकामाचें साहित्य एकदम वाढलें. गुरूचा गाभा लवकरच पृथ्वीच्या सुमारें दसपट झाला आणि तो भोंवतालचा वायु ओढूं लागला. जितका ओढावा तितकें वजन वाढावें, आणि जितकें वजन वाढावें तितका अधिक ओढावा! पैशाकडे पैसा जातो, ही म्हण आकाशांतही खोटी नाहीं.

तो वायु मात्र कांहीं दशलक्ष वर्षांतच ओसरला. दूरच्या विरळ प्रदेशांत सावकाश वाढणारे युरेनस व नेपच्यून तयार होईतों पंगत उठत आली होती. ते पृथ्वीच्या अनुक्रमें १४ व १७ पटींवर थांबले. मंगळाची गोष्ट निराळी. तो पृथ्वीच्या जेमतेम दशांश आहे, आणि त्याच्या वाट्याचें साहित्य गुरूच्या आकर्षणानें विस्कटलें, असें अनेक शास्त्रज्ञांचें मत आहे. त्याच्या पलीकडच्या पट्ट्यांत तर ग्रह झालाच नाहीं. तेथील सर्व लघुग्रह मिळूनही आपल्या चंद्राच्या विसाव्या हिश्श्याइतके भरत नाहींत.

यांत गुण कोठें आहे? जागा आहे, वेळ आहे, शेजार आहे. धरमपेठेंत पुस्तकांनीं भरलेल्या घरांत वाढलेला मुलगा आणि गडचिरोलीच्या जंगलांतील गांवीं मैलोगणती चालून शाळेंत जाणारा मुलगा, यांच्या परीक्षेंतील गुणांची तुलना करतांना आपण या तीन गोष्टींचा हिशेब धरतों काय? उद्योगाचें मोल आम्ही नाकारीत नाहीं. परंतु उद्योगास लागणारें साहित्य ज्याच्या दारांत आलें, त्यानें सारें श्रेय आपल्या खातीं मांडूं नये, एवढेंच म्हणणें आहे.

यावर कोणी म्हणेल, विषमता अशी निसर्गसिद्धच आहे, तर तक्रार कोणाजवळ करावयाची? येथें आमचा मतभेद आहे. गोष्ट कशी घडली हें आकाश सांगतें; ती तशीच असावी, असें तें सांगत नाहीं. आपलें वजन कोठून आलें हें गुरूस कळत नाहीं, आणि कळलें तरी मंगळाचा वाटा त्यास परत करतां यावयाचा नाहीं. मनुष्यास दोन्ही शक्य आहे; म्हणूनच त्याच्यावर जबाबदारी येते, ग्रहावर येत नाहीं.

शिवाय मोठें तें श्रेष्ठ, हें तरी कोठें खरें आहे? पृथ्वीनें गुरूप्रमाणें वायूचें ओझें बाळगलें असतें, तर तिच्यावर पाय ठेवावयास जमीन नसती. आपणांस ठाऊक असलेलें सारें जीवन त्या संत्र्यावर नाहीं, या तुरीच्या दाण्यावर आहे. तेव्हां मुलानें विचारलें असतां त्यास ग्रहांचीं मापें अवश्य सांगावीं. पण तीं मापें गुणांचीं नव्हेत, हेंही त्याच बैठकींत सांगावें.