खेळण्यामागचे ‘का’ मोजताना

ऑनलाइन खेळ लोक का खेळतात, या प्रश्नाचे सर्वांत गाजलेले उत्तर मानसशास्त्रज्ञाने नव्हे, तर खेळ रचणाऱ्याने दिले. रिचर्ड बार्टल आणि रॉय ट्रबशॉ यांनी १९७८च्या सुमारास इंग्लंडमधील एसेक्स विद्यापीठात ‘मड’ हा निव्वळ मजकुरावर चालणारा, अनेकांनी एकत्र खेळायचा खेळ घडवला. १९९६मध्ये बार्टलने अशा खेळांतील खेळाडूंचे चार प्रकार मांडले: गुण आणि पातळ्या कमावणारे, कानाकोपरे धुंडाळणारे, गप्पांसाठी येणारे आणि इतरांना सतावण्यात रमणारे.

ही वर्गवारी अनुभवी खेळाडूंच्या चर्चेतून निघाली होती. त्यात मोजमाप नव्हते. तिच्यावरून पुढे इतरांनी चाचणी तयार केली, आणि अडचण तिथेच सुरू झाली. चाचणीतील प्रत्येक प्रश्नात दोनच पर्याय असतात. चारही प्रकारांची बेरीज नेहमी २०० टक्केच भरते. त्यामुळे एका प्रकाराचे गुण वाढले की दुसऱ्या कुठल्या तरी प्रकाराचे घटणारच. धुंडाळण्याची आणि गप्पांची आवड एकाच माणसात सारखीच तीव्र असू शकते. पण पर्यायांची जोडी त्याला त्यांतले एकच निवडायला लावते. खेळाडूंचे ‘प्रकार’ पडतात ते काही अंशी प्रश्नांच्या घडणीमुळेच.

निक यी याने २००६मध्ये हा साचा मोडला. सुमारे ३,००० खेळाडूंना ४० प्रश्न विचारून प्रत्येक कारण आपल्याला किती महत्त्वाचे वाटते, हे त्याने स्वतंत्रपणे नोंदवून घेतले. मग घटक-विश्लेषण केले. कोणती उत्तरे एकत्र वाढतात आणि एकत्र घटतात, हे या संख्याशास्त्रीय पद्धतीत पाहिले जाते. त्यातून दहा उपघटक आणि त्यांचे तीन मोठे गट हाती आले: कर्तृत्व, सहवास आणि तल्लीनता. हे तिन्ही एकमेकांना मारक नव्हते. एकाच खेळाडूत तिन्ही ठळक असू शकत होते. पुरुषांना चढाओढ आवडते, या समजालाही तडा गेला. कर्तृत्वाच्या ओढीतला फरक लिंगापेक्षा वयावरून अधिक उलगडत होता.

त्याच वर्षी रिचर्ड रायन, स्कॉट रिग्बी आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी प्रश्नच बदलला. खेळाडूला काय आवडते यापेक्षा त्याच्या कोणत्या मानसिक गरजा खेळात भागतात, हे त्यांनी तपासले: स्वायत्तता, सक्षमता आणि आपलेपणा. ही दिशा अधिक मूलगामी म्हणावी लागेल, कारण तिला खेळाच्या प्रकाराचे बंधन नाही. हंगेरीत २०११मध्ये झॉल्ट डेमेट्रोविच आणि सहकाऱ्यांनी २७ विधानांची, सात हेतूंची प्रश्नावली सिद्ध केली. तिच्यात वास्तवापासून पळ काढणे आणि ताण हलका करणे हे दोन हेतू वेगळे ठेवले आहेत. हा भेद महत्त्वाचा आहे. चिंतेत पडलेल्या पालकांना तर तो आवर्जून सांगायला हवा. ऑफिसातून थकून आलेला माणूस तासभर खेळतो आणि कोणी घरातले भांडण टाळण्यासाठी रात्र जागवतो, या दोन्हींना ‘विरंगुळा’ म्हणून चालत नाही.

प्रश्नावली कितीही नेटकी असली तरी उत्तर खेळाडूच्याच तोंडचे असते. म्हणून यी आणि सहकाऱ्यांनी २०१२मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ खेळणाऱ्यांची उत्तरे त्यांच्या खेळातील प्रत्यक्ष वागण्याशी पडताळली. मेळ बसला, पण काही प्रमाणातच. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी २०२१मध्ये दोन खेळांच्या ३,२७४ खेळाडूंनी सांगितलेला वेळ कंपन्यांकडील नोंदींशी ताडून पाहिला, तेव्हा स्वतःच्या खेळण्याचे तासही लोक फुगवून सांगतात, असे दिसले. तासांची निदान सर्व्हरवर नोंद असते. कारणांची तीही नसते.