दुसरी बारी

एखाद्या उपेक्षित कलेला 'दुसरी संधी' द्यावी, असे आपण सहज बोलून जातो. या शब्दप्रयोगात एक गृहीत दडलेले आहे. दुसरी संधी म्हटले की पहिली होऊन गेलेली असली पाहिजे. म्हणजे आपण ती कला एकदा नीट ऐकली, तोलली, ती उणी ठरली म्हणून नाकारली, आणि आता मोठ्या मनाने तिला पुन्हा दाराशी उभे करीत आहोत. न्यायासनावर आपण आणि आरोपीच्या पिंजऱ्यात ती! परंतु पहिली सुनावणी मुळी झालीच नसेल तर?

पाटस परिसरात गेले की हा प्रश्न मला हटकून पडतो. पाटस हे दौंड तालुक्यातील, पुणे-सोलापूर महामार्गावरचे गाव. साखर कारखाना, टोलनाका आणि रेल्वे स्थानक ही त्याची बाहेरच्यांना असलेली ओळख. महामार्ग येथून पुढे सोलापूरला जातो आणि दक्षिणेकडे फुटणारा रस्ता बारामतीला. सोलापूर हे शाहीर राम जोशी यांचे गाव, तर बारामती ही मोरोपंतांची कर्मभूमी. राम जोशी ब्राह्मण घरातले, संस्कृत जाणणारे, आणि तरीही तमाशाच्या फडासाठी लावण्या रचणारे. मोरोपंत हे आर्येचे सिद्धहस्त कवी, 'केकावली'चे कर्ते. परंपरा असे सांगते की मोरोपंतांनी राम जोशींची लावणी ऐकली, तिच्यातील प्रासादिक शक्ती ओळखली आणि त्यांना कीर्तनाकडे वळवले. पुढे राम जोशींनीच मोरोपंतांच्या आर्या आपल्या कीर्तनांतून लोकांपर्यंत नेल्या. ही कथा सांगणारे बहुधा तिच्या शेवटावर भर देतात : शाहीर सुधारला, कीर्तनकार झाला. मला तिचा आरंभ अधिक मोलाचा वाटतो. पंडित कवीने आधी कान दिला. निवाडा नंतरचा.

पाटसहून उलट, पुण्याच्या दिशेने निघाले की वरवंडनंतर चौफुला लागतो. येथून एक रस्ता केडगावला जातो, जेथे पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन आहे, आणि दुसरा सुपे-मोरगावकडे. चौफुल्याचे नाव काढले की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक विशिष्ट स्मित उमटते, कारण या भागात संगीत बारीची कला केंद्रे आहेत. केडगावचे नाव ऐकून ज्यांचे हात जोडले जातात, त्यांनाच चार-पाच मैलांच्या आत हे हसू येते. केडगावात समाजाने टाकलेल्या स्त्रियांना आसरा मिळाला हे आपण अभिमानाने सांगतो. चौफुल्यातील स्त्रियांना कोणी टाकले, हे मात्र कोणी विचारीत नाही.

'बारी' म्हणजे पाळी. एका केंद्रात अनेक पार्ट्या मुक्काम करून असतात. प्रत्येक पार्टीची एक मालकीण, तिच्या गाणाऱ्या-नाचणाऱ्या मुली, पेटी, तबला आणि ढोलकी वाजवणारे साथीदार. रंगमंचावर एका पार्टीची बारी संपली की दुसरीची सुरू होते. फडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असतो. संगीत बारीत वग नाही. गाणे आणि नृत्य हेच तिचे सर्वस्व. त्याखेरीज रसिकाच्या मागणीवरून स्वतंत्र खोलीत बैठक भरते, आणि बैठकीची लावणी जिवंत राहिली ती या खोल्यांत. गायिका बसून गाते. ओळ एकच असते, पण ती पुन्हा पुन्हा घेताना दर वेळी नजरेने, भुवईने, बोटांच्या हालचालीने तिचा अर्थ नवा केला जातो. याला अदा म्हणतात. चौकाची लावणी ही चाल आणि लय बदलीत जाणारी दीर्घ रचना, बालेघाटी विरहाची, छक्कड उडत्या चालीची. शृंगाराच्या जोडीने भेदिक लावणीचीही जुनी परंपरा आहे. तीत देह, आत्मा, प्रकृती आणि पुरुष यांविषयी कोडी घातलेली असतात आणि प्रतिपक्षाने ती गाण्यातच सोडवावयाची असतात. आमच्या सेमिनरीत तत्त्वज्ञानाच्या वर्गात वादविवाद होत, त्यांची मला येथे आठवण होते; फरक इतकाच की आमच्या वादात ढोलकी नव्हती.

आज या बैठकींतून बहुतेक फर्माईश चित्रपटातील गाण्यांची होते. पोट मागणीवर असते, म्हणून मागितलेले गावे लागते. मग तेथून बाहेर पडणारा सांगतो, की यांच्यापाशी जुने काही उरलेले नाही. त्याने जुने मागितले होते काय, हे त्याला विचारावेसे वाटते.

निवाडा झाला तो गाण्याचा झालाच नाही. तो गाणारीच्या जातीचा झाला, तिच्या अविवाहित असण्याचा झाला, रात्रीच्या वेळेचा आणि समोर बसलेल्या श्रोत्यांच्या वर्तनाचा झाला. स्वातंत्र्याच्या सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती पुढे उठली, पण संहिता तपासून घेण्याच्या अटीवर. संहिता तपासणे शक्य असते. अदा कागदावर उतरत नाही, म्हणून ती ऐकल्या-पाहिल्याखेरीज तिच्याविषयी काही बोलताच येत नाही.

संत ऑगस्टीन यांनी आपल्या आत्मकथनाच्या दहाव्या खंडात संगीतापासून होणाऱ्या आनंदाची कठोर झडती घेतली आहे. मंदिरातील गायन ऐकताना कधी कधी आपले मन शब्दांच्या अर्थापेक्षा स्वरांनीच अधिक हलते, याचे त्यांना भय वाटते. गायन बंद केलेले बरे, असाही विचार त्यांच्या मनात येऊन जातो. परंतु या झडतीत दोष कोणाकडे जातो ते पाहण्यासारखे आहे. तो गायकाकडे जात नाही, स्वरांकडेही जात नाही; ऑगस्टीन तो स्वतःकडे, म्हणजे श्रोत्याकडे घेतात. मन माझे चळले, तेव्हा जाब मी द्यावयाचा.

आपल्याकडे याच्या नेमके उलटे घडत आले आहे. १९७२ साली व्ही. शांताराम यांचा 'पिंजरा' आला. नर्तकीच्या नादाने एका आदर्श शिक्षकाचा सर्वनाश होतो, ही त्याची कथा 'द ब्ल्यू एंजल' या जर्मन चित्रपटावर बेतलेली होती. राम कदम यांचे संगीत आणि जगदीश खेबुडकर यांची गीते घराघरांत गेली. लावण्या आपण डोक्यावर घेतल्या आणि पिंजरा मात्र त्या बाईच्या नावावर राहिला! जुलै २०२५ मध्ये चौफुला परिसरातील एका कला केंद्रात गोळीबार झाल्याची बातमी आली. आरोप गाणे ऐकायला आलेल्यांवर होता. पण चहाच्या टपरीवर चर्चा ऐकली ती कला केंद्रे कशासाठी हवीत याची.

हे केवळ इतरांचेच दोष सांगणे होऊ नये. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध केले ते ओवी छंदात. त्यानंतर सव्वाशे वर्षे होण्याच्या आत, १७३६ मध्ये, गोव्याच्या धर्मन्यायपीठाने हुकूम काढून ख्रिस्ती लग्नघरांतील ओव्या आणि देशी वाद्ये यांवर बंदी आणली. ज्या छंदात तारणाचा इतिहास गायला गेला, तोच नवऱ्या मुलीच्या आईच्या तोंडी अपराध ठरला. पुढे १९०३ मध्ये पोप दहावे पायस यांनी चर्चमधील संगीताविषयी आदेश काढला, त्यात पियानो, ढोल, झांजा आणि बँड यांना उपासनेत मज्जाव केला. त्यांचा हेतू नाटकी संगीताला आवर घालण्याचा होता आणि तो समजण्यासारखा आहे. तथापि ढोलाचा आवाज देवाला नकोसा होतो, असा अर्थ आमच्या गावच्या माणसाने त्यातून काढला असल्यास त्याला दोष कसा द्यावा? १९६३ साली दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीच्या संविधानात, मिशनच्या प्रदेशांतील लोकांच्या स्वतःच्या संगीतपरंपरेला योग्य तो मान आणि उपासनेत स्थान द्यावे, असे म्हटले. आज मिस्सेत ढोलकी वाजते आणि कोणी वळून पाहत नाही. ढोलकी तीच आहे, ऐकणारे बदलले.

लावणीलाही दुसरी बारी मिळाली, असे कोणी म्हणेल. सुलोचना चव्हाण यांनी डोक्यावर पदर घेऊन, न नाचता, केवळ गळ्याने लावणी मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात नेली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात त्यांचे निधन झाले. वाईच्या कोल्हाटी घरात जन्मलेल्या यमुनाबाई वाईकर यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार लाभला, २०१२ मध्ये पद्मश्री लाभली. २०१८ साली वयाची शंभरी ओलांडून त्या गेल्या. विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाने राज्य शासन जीवनगौरव पुरस्कार देते. हे सारे यथार्थच आहे. पण शहरातील वातानुकूलित नाट्यगृहात लावणीच्या कार्यक्रमाला टाळ्या वाजवणारे कुटुंब गाडीने सोलापूरकडे निघाले, की चौफुल्यापाशी मुलांचे लक्ष दुसरीकडे वेधते. गाणे आपण आत घेतले. गाणारीला ओसरीवरही जागा नाही. याला दुसरी संधी म्हणण्यास माझे मन धजत नाही.

येथे एक आक्षेप येतो आणि तो गंभीर आहे. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या 'कोल्हाट्याचं पोर' या आत्मकथनात डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी या जीवनाची जी आतली बाजू मांडली, ती वाचल्यावर कलेचे गोडवे गाणाऱ्याची जीभ अडखळते. आई नाचते, तिच्या कमाईवर घर पोसते, आणि तिच्या मुलाला बापाचे नाव नसते. लावणीची ही परंपरा स्त्रियांना दुसरे दार नव्हते म्हणूनच टिकली असेल, तर ती टिकावी अशी इच्छा धरणे नीतीला धरून आहे काय? मला वाटते, तशी इच्छा धरता येत नाही. एखाद्या मुलीच्या नाइलाजावर उभे असलेले संगीत कितीही सुंदर असो, त्याच्यासाठी तिचा नाइलाज राखून ठेवण्याचा अधिकार कोणाही रसिकाला नाही. मात्र 'म्हणून ते संगीतही मरू द्या' हे त्यातून निष्पन्न होत नाही. जे दार गाणारीला बाहेर जाण्यासाठी उघडावयाचे, त्याच दाराने शिकू इच्छिणाऱ्या इतरांना, कोणत्याही जातीच्या मुला-मुलींना, आत येता आले पाहिजे. मुंबई विद्यापीठाच्या लोककला अकादमीसारखे प्रयत्न या दिशेचे आहेत.

चौफुल्याला उभी हयात गायलेल्या एक आजी आता पाटसजवळ मुलीकडे राहतात. मुलगी परिचारिका आहे. एका कुटुंबाच्या ओळखीने मी त्यांना दोन-तीनदा भेटलो. पहिल्या भेटीत त्या गाण्याविषयी काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या भेटीत म्हणाल्या, "फादर, पोरीच्या पायात म्या घुंगरू बांधू दिलं न्हाई. पर भांडी घासताना ती गुणगुणती तवा सूर घसरला, की मीच आतनं वरडते."

अशा बाईंना संगीत शिकणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे बसवावे, मानधन द्यावे, असे मी एका महाविद्यालयातील प्राध्यापक स्नेह्यांना सुचवले. त्यांनी आधी आजींची पदवी विचारली. मी सांगितले की चौथीपर्यंत शिक्षण झाले आहे आणि दीडशेच्या वर लावण्या चालींसह मुखोद्गत आहेत. प्राचार्यांना विचारून कळवतो, असे ते म्हणाले.