शून्य आणि रिकामी जागा

फॉर्ममधल्या ज्या प्रश्नाचं उत्तर देणं सक्तीचं असतं, त्याच्यापुढे एक छोटा लाल तारा असतो. उत्तर न देता पुढे जायला गेलं की फॉर्म अडतो. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. असे तारे टाकणं हा माझ्या रोजच्या कामाचा भाग. मोकळी राहिलेली जागा आमच्याकडे दोष समजली जाते. विदा कशी, पूर्ण हवी.

दोन वर्षांपूर्वी एका छोट्या संस्थेला सुट्टीच्या दिवसांत मदत म्हणून मी सर्वेक्षणाचं एक ॲप बनवून दिलं. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला, एमआयडीसीच्या मागे ज्या वस्त्या चढत गेल्या आहेत, तिथल्या बायकांना घरात सोसाव्या लागणाऱ्या हिंसेबद्दलचं ते सर्वेक्षण होतं. प्रश्नावली विद्यापीठातल्या एका संशोधकाची, विचारायला जाणार त्याच वस्तीतल्या कार्यकर्त्या, आणि मोबाइलवरचा फॉर्म माझा. मी कोपरखैरण्याला राहतो, ऑफिस ऐरोलीला. त्या वस्त्या रोज लोकलच्या खिडकीतून दिसायच्या. आत पाऊल कधी टाकलं नव्हतं.

प्रशिक्षणाच्या दिवशी पन्नाशीच्या एका ताईंनी फोन हातात घेऊन दोन-तीन पानं चाळली आणि म्हणाल्या, “दादा, हा तारा काढा.”

मी म्हटलं, “का?”

“तिला सांगायचं नसेल तर ती काय करेल?”

“‘नाही’वर बोट ठेवेल.”

“मग तुमच्या कागदावर तिला कधी कुणी मारलंच नाही, असं होईल की.”

मी तारा काढला. पण तेव्हा मला ती सोयीची सूचना वाटली. तिच्यामागे काय आहे, ते कळायला आणखी एक चूक करावी लागली, आणि ती चूक माझीच होती. फॉर्ममध्ये मोबाइल नंबरची जागा होती. नंबर भरला की ‘सर्वेक्षणात सहभागी झाल्याबद्दल आभार’ असा संदेश आपोआप जायचा. ती सोय मी दुसऱ्या कामातून जशीच्या तशी उचलली होती. चाचणीच्या पहिल्या आठवड्यात एका बाईंनी नंबर दिला. घरात फोन एकच, आणि तो नवऱ्याच्या खिशात. संध्याकाळी त्याने कसलं सर्वेक्षण म्हणून विचारायला सुरुवात केली. ताई धावत गेल्या, पाणी आणि संडासाबद्दल विचारत होतो असं सांगितलं, तासभर त्या घरात बसून राहिल्या. नंतर मला सांगण्यात आलं की काही झालं नाही. ‘काही झालं नाही’ या उत्तरावर मी आता पूर्वीइतका सहज विश्वास ठेवत नाही.

ते संदेश मी त्याच रात्री बंद केले. पण एक प्रश्न तेव्हापासून सुटलेला नाही. हिंसा थांबवायची तर ती समजून घ्यायला हवी, आणि समजून घ्यायची तर विचारायला हवं. मग ज्या बाईला आपण विचारतो, तिचं आपण काय देणं लागतो? आणि ते देणं फेडणं हा संशोधनाचा भाग आहे, की संशोधन संपल्यावर करायचं दानधर्माचं काम?

प्रोग्रॅमिंग शिकताना सुरुवातीलाच एक गोष्ट सांगतात. शून्य वेगळं आणि ‘नल’ वेगळं. खात्यात शून्य रुपये आहेत, ही माहिती झाली. खात्यात किती रुपये आहेत ते ठाऊक नाही, हा माहितीचा अभाव झाला. दोन्ही एकच धरले तर हिशेब कोसळतो. बँकेच्या खात्यांबद्दल मला हे कॉलेजातच कळलं होतं. माणसांबद्दल कळायला ताई भेटाव्या लागल्या.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, १८ ते ४९ वयोगटातल्या लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचं सांगितलं. ‘सांगितलं’ या क्रियापदाकडे लक्ष द्यायला हवं. या पाहणीत हिंसेबद्दलचे प्रश्न एका घरातल्या एकाच स्त्रीला विचारतात, आणि तेही एकांत मिळाला तरच. त्याच पाहणीत हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी जेमतेम १४ टक्के स्त्रियांनी कुणाकडे तरी मदत मागितल्याचं दिसतं. आई, बहीण, शेजारीण, पोलीस, सगळे धरून १४. आपल्या माणसांपाशीसुद्धा जिने तोंड उघडलं नाही, ती हातात फोन घेऊन आलेल्या अनोळखी बाईला ‘नाही’ म्हणाली, तर त्या ‘नाही’चं काय करायचं? त्यात काही शून्यं आहेत आणि काही रिकाम्या जागा आहेत. कोणती कोणती, हे संगणकाला कळत नाही.

यातून एक विचित्र गोष्ट निघते. समजा, एखाद्या वस्तीत तीन वर्षं बायकांचे गट चालले. थोबाडीत मारणं, पगार काढून घेणं, माहेरी फोन करू न देणं, यांना ‘संसारात चालायचंच’ म्हणण्याऐवजी बायका हिंसा म्हणू लागल्या. तीन वर्षांनी पुन्हा मोजलं तर आकडा वाढलेला दिसू शकतो. काम यशस्वी झालं म्हणूनच तो वाढला, असंही असेल. आणि सगळ्यात कमी हिंसा कदाचित सगळ्यात जास्त दहशत असलेल्या गल्लीत नोंदली जाईल. थर्मामीटरवर विश्वास नाही म्हणून ताप लपून बसत नाही. हिंसा मात्र लपून बसते.

म्हणून ‘वस्तीचा सहभाग’ हा शब्द प्रकल्पाच्या प्रस्तावात शोभेला घालतात तेव्हा मला आता अस्वस्थ वाटतं. या विषयात विश्वास हेच मोजण्याचं साधन आहे. ते साधन विद्यापीठाकडे नसतं आणि माझ्या ॲपमध्ये तर नसतंच. ते ताईंकडे असतं, आणि त्यांनी ते वीस वर्षं हळदीकुंकवाला, बाळंतपणाला, मयताला जाऊन कमावलेलं असतं. आपण ते उसनं घेतो. उसनं घेतलेलं परत करावं लागतं.

मुंबईत हे ओळखलेल्या लोकांची एक परंपरा आहे. १९८४ मध्ये टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या थेट पोलिसांच्या आवारात बसू लागल्या. विद्यापीठातलं माणूस पोलिसांवर अहवाल लिहून परतलं असतं तरी चाललं असतं, पण इथे ते तक्रार घेऊन आलेल्या बाईच्या शेजारी खुर्ची टाकून बसलं. पुढे राज्याच्या महिला व बालविकास विभागाने ती व्यवस्था आपलीशी करून राज्यभर नेली. २००० च्या सुमारास ‘सेहत’ ही संशोधन संस्था आणि मुंबई महापालिका यांनी वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र सुरू केलं. अपघात विभागात येणारी बाई ‘पडले’ म्हणते आणि केसपेपरवर ‘पडली’ असंच लिहिलं जातं. तिथल्या परिचारिकांना आणि डॉक्टरांना त्या एका शब्दापाशी थांबून, आडोशाला नेऊन पुन्हा विचारायला शिकवणं, हा त्या कामाचा गाभा होता. ‘पडले’ हीसुद्धा शून्यासारखी दिसणारी रिकामी जागाच.

याहून जुनं उदाहरणही आपल्याकडे आहे. १८६३ मध्ये पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाईंनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी गुपचूप यावं आणि सुखरूप बाळंत व्हावं, अशी ती सोय होती. त्यांनी आधी दार उघडं ठेवलं. किती जणींवर ही वेळ येते, याची मोजदाद आधी मागितली नाही.

इथे माझ्यातला इंजिनिअर हरकत घेतो, आणि ती हरकत खोटी नाही. दार उघडं ठेवलं हे चांगलंच, पण त्याने खरोखर काही बदलतं का, हे कसं कळणार? सद्हेतू म्हणजे पुरावा नव्हे. आमच्याकडे नवं बटण आणायचं असेल तर अर्ध्या ग्राहकांना नवं दाखवतात, अर्ध्यांना जुनं, आणि फरक मोजतात. दुसरा खात्रीचा मार्ग फारसा नसतो. पण जुनं बटण मिळालेल्या माणसाचं काही बिघडत नाही. हिंसा रोखण्याच्या कामात ‘जुनं बटण’ मिळालेल्या वस्तीत बायका मार खात असतात, आणि आपण वही घेऊन तुलनेसाठी त्यांच्याकडे पाहत असतो.

मुंबईतल्या ‘स्नेहा’ या संस्थेने युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांबरोबर अशी एक मोठी चाचणी आखली. झोपडवस्त्यांतले ४८ भाग, प्रत्येकात सुमारे ५०० घरं. चिठ्ठ्या टाकल्यासारखे निवडून त्यातल्या २४ भागांत बायकांचे, पुरुषांचे, तरुणांचे गट आणि स्वयंसेविका काम करणार, उरलेल्या २४ भागांत ते नाही. त्या आराखड्यातली मला महत्त्वाची वाटलेली गोष्ट वेगळीच आहे. हिंसा सोसलेल्या बाईला समुपदेशन आणि आधार मात्र दोन्हीकडे मिळणार होता. गट नेमून वस्तीचं मन बदलतं का, हा प्रश्न खुला होता, म्हणून तो भाग तुलनेला ठेवला. दार वाजवणाऱ्या बाईला आत घ्यायचं का, हा प्रश्न खुला नव्हता, म्हणून त्याची चाचणी केली नाही.

मला ही रेघ पटते. ज्याचा उपयोग होतो की नाही हेच ठाऊक नाही, ते काही काळ काही ठिकाणी न देणं क्षम्य आहे, विशेषतः सगळीकडे पुरेल इतकी माणसंच नसतात तेव्हा. जिने हात पुढे केला, तिचा हात ‘तुम्ही तुलनेच्या गटात आहात’ म्हणून सोडून देणं क्षम्य नाही. त्याने निष्कर्ष थोडा गढूळ होत असेल तर होऊ द्यावा. आणि माझं आधीचं म्हणणं खरं असेल, तर तो गढूळही तितकासा होणार नाही. जिथे मदत मिळण्याची शक्यताच नाही, तिथे बाई खरं कशासाठी सांगेल?

मात्र ‘वस्ती’ म्हटल्यावर गहिवरून जाण्याचंही कारण नाही. वस्तीत ती बाई असते, तसा तिचा नवराही असतो. ‘घरातलं घरात मिटवा’ म्हणणारी सासू आणि मंडळाचे ज्येष्ठही असतात. सर्वेक्षणाला परवानगी विचारायला आपण जातो ती बहुतेकदा याच मंडळींकडे. सगळ्यांचा सहभाग घ्यायचा म्हणून ज्याच्याबद्दल विचारायचं आहे त्यालाच आधी कळवायचं का? जागतिक आरोग्य संघटनेने अशा संशोधनासाठी जी मार्गदर्शक तत्त्वं २००१ मध्ये प्रसिद्ध केली, त्यांचं उत्तर स्पष्ट आहे. बाईची सुरक्षितता सगळ्यांत वर, आणि सर्वेक्षणाचा खरा विषय गावभर करायचा नाही. एरवी सगळं उघड करणं हाच प्रामाणिकपणा. इथे अर्धवट झाकणं हे कर्तव्य होतं. ती पुस्तिका मी ॲप बनवून झाल्यावर वाचली. आधी वाचायला हवी होती.

आणि ताईंचं काय? त्या त्याच गल्लीत राहतात. संशोधक संध्याकाळी घरी जातो, मी लोकल पकडतो. ज्या नवऱ्याला पाणी आणि संडासाची गोष्ट सांगितली, तो ताईंना रोज सकाळी नळावर दिसतो. त्यांच्या नावावर दिवसाचं मानधन लागतं. अहवालाच्या पहिल्या पानावर नाव असतं ते प्रश्न लिहिणाऱ्याचं. आमच्या अहवालात मलाही तंत्रसाहाय्याबद्दल आभाराची एक ओळ मिळाली. लाल तारा काढायला लावणारीचं नाव ‘क्षेत्रीय कार्यकर्त्या’ या दोन शब्दांत गेलं. मी विचारलं तेव्हा उत्तर मिळालं की नाव छापलं तर त्यांनाच त्रास होईल. हे खरंही होतं. पण छापायचं की नाही, हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पुढच्या वेळी विचारलं. दोघी हो म्हणाल्या, तिसरी नको म्हणाली. ताईंनी विचारायला दोन दिवस मागून घेतले.

आता त्या फॉर्ममध्ये हिंसेबद्दलच्या एकाही प्रश्नापुढे तारा नाही. ‘हो’ आणि ‘नाही’च्या खाली ‘आत्ता सांगायचं नाही’ असा तिसरा पर्याय आहे. फोन नंबरच्या जागी ‘परत यायला हरकत नसलेली वेळ’ असा रकाना आहे. एक बटण दाबलं की पडद्यावर पाण्याबद्दलचे प्रश्न येतात, कुणी अचानक दारात आलं तर. ही शेवटची कल्पनाही माझी नाही.

पहिल्या महिन्याची विदा आली तेव्हा सवयीने मला ती खराब वाटली. तिसऱ्या पर्यायावर किती तरी खुणा होत्या. संशोधकही जरा नाराज झाले, कारण इतक्या उत्तरांवर गणित मांडता येत नाही. ताईंना फोन केला तर त्या म्हणाल्या, “त्यात वाईट काय आहे? त्या सगळ्या जणींकडे मला परत जायचंय, एवढं कळलं.”

त्या वहीत वेळा लिहून घेत होत्या. मंगळवारी दुपारी दोनला, पाणी येऊन गेल्यावर.