सेवेची यादी

1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केलं, तेव्हा कुठे विठ्ठलमंदिर दलितांना उघडलं. पूजेचे वंशपरंपरागत हक्क मात्र बडवे-उत्पातांकडून सुटले ते 2014 च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं. मग मंदिर समितीनं पुजारी व्हायला महिलांचे आणि सगळ्या जातींचे अर्ज मागवले. आत येऊ देणं आणि काम सोपवणं, यात 67 वर्षं!

आपल्या उत्सवाची सेवायादी बघा. आरतीचं तबक दरवर्षी त्याच घरांत, भांडी घासायला त्याच मावश्या. "त्यांना सवय आहे," म्हणतो आपण. (मीही म्हटलंय.) सवय लावली कुणी? यंदा यादी लिहिण्याआधी मावश्यांना विचारूया, तुम्हाला कोणती सेवा हवी?