शेजाऱ्याच्या अंगणातील ढिगारा

शेजाऱ्याच्या जागेत वर्षानुवर्षे पडलेली एखादी ओंगळ वस्तू रोज आपल्या दृष्टीस पडते व मन विटते. ती काढावयास लावण्याचा आपणांस अधिकार आहे काय? असल्यास तो कोणत्या रीतीने बजवावा? प्रश्न लहान दिसतो खरा. तथापि बांध, सांडपाणी व उकिरडा ह्यांवरून उपजलेली वैरे पुढे नातवंडांपर्यंत चालत गेलेली कोणी पाहिली नाहीत?

ह्या विषयी आमची स्वतःची चूक सांगणे आम्हांस उचित वाटते. जळगाव जामोद येथे आमच्या प्रार्थनेच्या जागेलगत एक धाब्याचे घर होते. ते एका पावसाळ्यात बसले. पुढे चार वर्षे दगड, माती व मोडके वासे तेथेच पडून राहिले आणि त्यांवर गाजरगवत माजले. उपासनेस येणाऱ्या पाहुण्यांदेखत आम्हांस त्याची लाज वाटे. अखेरीस नगरपरिषदेकडे देण्यासाठी आम्ही एक अर्ज लिहिला. चार वर्षांत त्या घराच्या वृद्ध मालकिणीशी मात्र ह्याबद्दल आम्ही एक शब्दही बोललो नव्हतो.

अर्ज देण्याच्या आदल्या दिवशी मनाला टोचणी लागली, म्हणून आम्ही तिच्याकडे गेलो व हा कचरा केव्हा निघेल असे विचारले. ती म्हणाली, “कचरा नाही जी, माहं घर हाय ते.” मुलगा परगावी मजुरीस गेला आहे; तो परतला म्हणजे त्याच दगडांनी व त्याच वाशांनी घर पुन्हा उभारावयाचे, ह्या आशेवर ती नातवंडांसह मागच्या छपरीत दिवस काढीत होती. ज्यास आम्ही घाण म्हणत होतो ती तिची सारी पुंजी होती.

त्याच वेळी दुसरी एक गोष्ट आमच्या नजरेस आली. ढिगाऱ्यामागे जुना मातीचा खड्डा होता. काळ्या भुईत पाणी लवकर मुरत नाही. त्यामुळे तो पावसाच्या पाण्याने भरून राही व त्यात डासांच्या अळ्या वळवळत. हिवतापाचे जंतू डासाच्या पोटात वाढतात, हे रोनाल्ड रॉस ह्यांनी सिकंदराबाद येथे १८९७ साली शोधून काढले. तेव्हापासून साचलेल्या पाण्याविषयी अज्ञानाची सबब कोणास उरलेली नाही. तिची नातवंडे त्या खड्ड्यापासून दहा पावलांवर निजत. परंतु खड्डा आमच्या दारातून दिसत नव्हता, म्हणून आमच्या अर्जात त्याचे नावही नव्हते! जे आमच्या डोळ्यांत खुपत होते त्याची आम्ही तक्रार लिहिली. जे लेकरांच्या जिवावर उठले होते ते आम्ही पाहिलेदेखील नाही.

येथे शास्त्र आपणांस स्पष्ट भेद शिकविते. निर्गमाच्या एकविसाव्या अध्यायात उघड्या खड्ड्याविषयी नियम आहे: त्यात जनावर पडून मेले तर खड्डा उघडा ठेवणाऱ्याने भरपाई द्यावी. म्हणजे शेजाऱ्यास अपाय करणारी वस्तू ही मालकाची खासगी बाब राहत नाही. आपल्या देशाचा कायदाही असेच सांगतो. १८६० च्या दंडसंहितेत सार्वजनिक उपद्रव हा अपराध होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो अपराधच आहे. परंतु त्याच निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात, वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली बसलेले दिसले तर त्याला हात देऊन उठवावे, अशीही आज्ञा आहे. ओझे टाकून रस्ता अडविल्याचा दोष त्याच्यावर ठेवावा, असे तेथे म्हटलेले नाही. तर मग शेजाऱ्याचा ढिगारा पाहून पहिला प्रश्न हाच करावा, की हा खड्डा आहे की ओझे आहे?

कोणी म्हणेल, “सर्वच काही गरीब विधवा नसतात, कित्येक निव्वळ आळशी असतात.” हे खरे आहे. नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायात आळशाच्या शेताचे वर्णन आहे. काटे माजलेले व कुंपण ढासळलेले ते शेत पाहून ज्ञानी पुरुषाने प्रथम स्वतः बोध घेतला. पुढे बोलणे प्राप्तच झाले, तर मत्तयाच्या अठराव्या अध्यायात प्रभूने दाखविलेला क्रम आहे: आधी एकट्याने एकांती जावे, मग एकादोघांस घेऊन जावे, मग मंडळीस कळवावे. शेजारी मंडळीबाहेरचा असला तरी हाच क्रम शहाणपणाचा आहे. अपाय चालूच राहिला, तर ग्रामपंचायतीकडे अर्ज करणे पाप नव्हे. परंतु बोलण्यापूर्वीच अर्ज करणे हे प्रीतीस सोडून आहे.

आपल्याच वऱ्हाडात, अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे १८७६ साली जन्मलेले गाडगेबाबा गावात शिरताच प्रथम खराटा हाती घेत व रात्री कीर्तन करीत. ते आपल्या मंडळीचे नव्हते. तरी उपदेशाआधी हात चालवावा हा धडा त्यांच्यापासून घेण्यास आम्हांस संकोच वाटत नाही.

आणि उपदेशक बंधूंनो, आपण एक गोष्ट विसरू नये. आपल्यापैकी अनेकांचे वाडवडील गावकुसाबाहेर राहिले. गावाने आपली मेलेली जनावरे त्यांच्याकडून ओढविली, आणि मग त्यांच्याच वस्तीकडे पाहून नाक मुरडले. एके काळी आपणच लोकांच्या डोळ्यांत खुपत होतो. तेव्हा प्रभूने आपणांस दृष्टीआड केले नाही. तो आपल्या दारी आला. ज्यांस अशी कृपा लाभली, त्यांनी शेजाऱ्याच्या दारी न जाता अर्ज लिहावा, हे कसे शोभेल?

तो अर्ज आम्ही फाडला. तरुणांनी तीन शनिवार काम केले. ढिगाऱ्याची माती खड्ड्यात भरली, गवत उपटले, दगड एका बाजूस रचले व वासे छपरीत ठेवले. दगडांची ती रास आजही तेथे आहे, आणि ती काही सुंदर नाही. मुलगा अद्याप परतलेला नाही. पण उपासनेस येणाऱ्या पाहुण्याने विचारले तर आता आम्हांस लाज वाटत नाही. हे आमच्या शेजारणीचे घर आहे, असे आम्ही त्यास सांगतो. प्रभू आपणां सर्वांस शेजाऱ्याकडे पाहण्याची अशीच दृष्टी देवो.